गच्चीवरचं ऊन

कुंभकोणमला उतरलो तेव्हा बॅटरीची पेटी माझ्या मांडीवरून खांद्यावर आली. हमालाला मी हातही लावू दिला नाही. वसुधाचं, म्हणजे माझ्या बायकोचं इन्सुलिन ज्या छोट्या शीतपेटीत असतं, ती या बॅटरीच्या पेटीवर चालते. प्रवासात रात्रभर चालून बॅटरी दहा टक्क्यांवर आली होती.

मुक्काम एका तंजावरी मराठी कुटुंबाकडे होता. घरधनी सुंदरराव दारातच म्हणाले, "आज दुरुस्ती अहा (आहे). नवापासून पाचपर्यंत करंट नाही." म्हणजे त्यांचा फ्रीजही बंद. बाहेर मे महिन्याचं ऊन.

घडीचं सोलर पॅनल घेऊन गच्चीवर गेलो. तिथे सुंदररावांच्या पत्नी कमलाबाई धोतरावर वडाम (तांदळाच्या कुरडया) घालत होत्या. मी पॅनल पसरलं, वायर बॅटरीला जोडली, बॅटरीला शीतपेटी.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"औषध गार ठेवायला वीज लागते," मी तुटकपणे म्हणालो. माझा स्वभावच संशयी आहे. हॉटेलात मी बॅगेच्या चेनची जागासुद्धा लक्षात ठेवतो.

खाली पितळी डबऱ्यातली (पसरट वाटीतली) कडक कॉफी घेतली आणि पुन्हा वर गेलो. पाहतो तर पॅनलवर पांढरं धोतर, चार कोपऱ्यांवर चार दगड! वीज येतच नव्हती.

"कावळे चोची मारतील म्हणून झांकलं," कमलाबाई म्हणाल्या. "कोपूं नका."

गच्चीवर वाळत घातलेलं झाकायचं, ही त्यांची सवय. मला मात्र ते खरं वाटेना. धोतर ओढून काढलं आणि "कृपा करून कुणीही हात लावू नका" असं जरा मोठ्यानेच बजावलं.

वसुधाच्या हट्टाने रिक्षाने साक्कोट्टैला गेलो. शिवाचं जुनं देऊळ, थंडगार दगडी मंडप, पण माझं चित्त गच्चीवर.

"देवळात आलायस की पहाऱ्यावर?" वसुधा म्हणाली.

मी तिला अर्ध्या प्रदक्षिणेतून परत आणलं.

चार वाजता धापा टाकत गच्ची गाठली. पॅनल जागेवर नव्हतं.

"माझं पॅनल कुठंय?" मी ओरडलो.

कमलाबाईंनी पलीकडचा कोपरा दाखवला. पॅनल उपड्या बादलीला टेकवून सूर्याकडे तोंड करून ठेवलेलं. बॅटरी आणि शीतपेटी सुपाच्या सावलीत, बॅटरीचा आकडा एकसष्ट. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली माझ्या आधीच्या जागेवर पसरली होती. त्याच सावलीत आता वडामचं धोतर होतं, वडाम ओले, लिबलिबीत. गच्चीवर ऊन उरलं होतं तेवढं एका कोपऱ्यात, आणि तो कोपरा त्यांनी मला दिला होता.

"तुमचे वडाम?" मी कसंबसं विचारलं.

"वडाम उद्यां वाळतील," त्या म्हणाल्या. "बाईंचं मरुंद (औषध) उद्यांपत्तोर थांबेल की?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, पण ती नीट जमली नाही.

निघताना त्यांनी त्याच वडामची पुडी दिली, मी नको म्हणत असतानाही. पुण्यात आल्यावर वसुधाने ते तळले.

"आंबले आहेत रे, टाकून देऊ?" तिने विचारलं.

मी ताट पुढे ओढलं आणि एकही न टाकता सगळे खाल्ले.