निखाऱ्यावर भाजलेला भात

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं पोस्टिंग वॉशिंग्टन राज्यात होतं. यूएस आर्मी, इन्फन्ट्री, नऊ जणांच्या एका स्क्वॉडचा लीडर. नाव सार्जंट देशपांडे, पण ते कुणाच्या जिभेला वळायचं नाही, म्हणून सगळे 'देश' म्हणत. वडील न्यू जर्सीत, पार्सिपनीला इंजिनिअर होते. त्यांच्या मित्रांची मुलं डॉक्टर होत होती. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की ते 'गव्हर्नमेंटमध्ये आहे' एवढंच सांगायचे.

माझ्या स्क्वॉडमध्ये बुनमी होता, हुद्दा स्पेशालिस्ट. मूळचा लाओसचा. लहानपणी आई आणि बहिणीबरोबर नदी ओलांडून थायलंडच्या निर्वासित छावणीत आला, तिथून कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला. बोलायचा कमी. रायफल उत्तम चालवायचा. त्याच्या डफल बॅगेत निमुळत्या गळ्याचं एक भांडं आणि त्यावर बसणारी बांबूची टोपली असायची. पहिल्या इन्स्पेक्शनला मी ती बाहेर काढायला लावली.

"हे काय आहे?"

"भाताचं आहे, सार्जंट."

"मेस आहे ना इथे?"

"मेसमधला भात बोटांतून सांडतो, सार्जंट."

तो तांदूळ रात्री भिजत घालायचा. सकाळी खालच्या भांड्यात पाणी उकळायचं, वरच्या टोपलीत तांदूळ वाफवायचे. पाण्यात घालून शिजवायचे नाहीत. तयार भात झाकणाच्या छोट्या टोपलीत भरायचा. चिमटीने तोडायचा, बोटांत दाबून गोळी करायची, ती मिरचीच्या ठेच्यात बुडवायची. ताट नको, चमचा नको.

मला ते पचायला वेळ लागला. आमच्याकडे शिताला शीत चिकटलं की भाताचा गिचका झाला म्हणतात, आणि तो पाहुण्यांच्या पानात वाढत नाहीत. इथे तर मुद्दाम चिकट जातीचा तांदूळ आणून त्याचा सोहळा चालला होता.

आमचा प्लाटून सार्जंट रेयेस फिलिपिन्सचा. त्याने पहिली गोळी तोंडात टाकली आणि लगेच दुसरी तोडली. मग म्हणाला, "आमच्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात. केळीच्या पानात गुंडाळून. सणाला."

"आमच्याकडे रोज," बुनमी म्हणाला. "दुसरा कुठलाही भात खाल्ला तर आई विचारते, जेवलास का?"

"जपानी लोक कुटून त्याचे गोळे करतात, नव्या वर्षाला," रेयेस म्हणाला. "देश, तुमच्याकडे?"

"आमच्याकडे असा झाला तर करणाऱ्याला बोलणी बसतात."

बुनमीला मी मोठ्याने हसताना पाहिलं ते तेव्हाच. त्यानंतर फील्ड एक्सरसाइझला निघताना स्क्वॉडमधले सगळेच त्याच्या टोपलीभोवती घुटमळायला लागले.

त्या उन्हाळ्यात पाऊस फार कमी झाला आणि पश्चिमेकडची जंगलं पेटली. फॉरेस्टचे लोक अपुरे पडले, तेव्हा आमची बटालियन पाठवली. रायफली जमा केल्या. हातात फावडी आणि कुऱ्हाडी दिल्या, अंगावर आग न लागणारे पिवळे शर्ट. काम सोपं आणि कष्टाचं. आगीच्या पुढे जमीन खरवडून मातीचा पट्टा काढायचा. झाडपाला नसला की आग तिथे थांबते. पहाटे उठायचं, डोंगर चढायचा, अंधार पडायच्या आत कॅम्पला परत. बुनमी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भात वाफवायचा आणि रक्सॅकमध्ये भरून वर न्यायचा.

एका दुपारी वारा फिरला. आमच्या खालच्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही कडा पेटल्या. रेयेसने आम्हाला आदल्या दिवशी जळून गेलेल्या उतारावर नेलं, कारण तिथे जळायला काही उरलेलं नव्हतं. मी रेडिओ उचलला. टू-वन हे आमच्या स्क्वॉडचं रेडिओवरचं नाव. कॅम्पवरून आवाज आला, "टू-वन, रस्ता बंद आहे. आहात तिथेच थांबा. ओव्हर."

"टू-वन. सगळे ठीक. पाणी आहे, रेशन संपलंय. ओव्हर."

"ट्रक उद्या येईल. आउट."

रात्र तिथेच काढली. सकाळी बुनमीने कालचा उरलेला भात काढला. तो कडक झाला होता. त्याने चपटे गोळे केले, मीठ लावलं, फावड्यावर ठेवले आणि फावडं निखाऱ्यांवर धरलं. जी आग विझवायला आम्ही आलो होतो, तिच्यावरच आमचा नाश्ता झाला. कडा करपल्या होत्या, आत मऊ. प्रत्येकाला एकेक मिळाला. शेवटचा त्याने स्वतः खाल्ला, माझ्याशेजारी बसून.

"कसा आहे, सार्जंट?"

"करपलाय."

"तसाच असतो," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "माझा तरी."

त्यानंतर आम्ही धुमसती मुळं खणायला लागलो. आग पुढे गेली होती. धोका संपला असं वाटत होतं. पण जळलेली झाडं आतून पोकळ होऊन उभी असतात आणि पडण्याआधी आवाज करत नाहीत. एक मोठं झाड उतारावरून खाली कलायला लागलं. बुनमीने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. तो "ट्री!" म्हणून ओरडला. खालचे दोघे उजवीकडे पळाले आणि वाचले. बुनमी डावीकडे उडी मारायला गेला. राखेत त्याचा पाय घसरला.

आम्ही झाड बाजूला केलं. मेडिक पोचेपर्यंत रेयेस त्याच्या छातीवर दाब देत राहिला. मेडिकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तरी तो थांबत नव्हता. रेडिओवर मीच सांगितलं.

कंपनी कमांडरने मला त्याच्या शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून फ्रेस्नोला पाठवलं. पूर्ण युनिफॉर्ममध्ये मी त्या छोट्या घरात जमिनीवर बसलो. बुनमीच्या आईला इंग्लिश येत नव्हतं. धाकटी बहीण मध्ये बसून सांगत होती. अपघात कसा झाला, ते मी सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"आई विचारतेय," बहीण म्हणाली, "त्या सकाळी तो जेवला होता का?"

"हो, मॅडम. आमच्याबरोबर. त्याने निखाऱ्यावर भात भाजला होता. सगळ्यांना दिला आणि स्वतःही खाल्ला."

आईने बहिणीकडून पुन्हा एकदा ऐकलं. काहीतरी बोलली, आणि मग तिला रडू कोसळलं.

"ती म्हणतेय, तो नेहमी करपवायचा."

दुसऱ्या दिवशी देवळात गेलो. देऊळ म्हणजे एक भाड्याचं घरच होतं. भिक्षू ओळीने बसले होते, पुढे पात्रं. लोक चिमटीने भात घेऊन प्रत्येक पात्रात ठेवत होते. तो गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, असं बहिणीने सांगितलं. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. आमच्याकडेही गेलेल्यासाठी भाताचाच पिंड ठेवतात.

मी मागे दाराशी उभा होतो. आई उठून माझ्याकडे आली. तिने माझ्या तळहातावर गरम भात ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

"ती म्हणतेय," बहीण म्हणाली, "तू त्याच्या हातचं खाल्लंस. आता तू त्याला वाढ."

मी कॅप काखेत धरली, बूट काढले आणि गुडघ्यांवर बसलो. पहिल्या पात्रात भात ठेवला. मग दुसऱ्या. ओळ संपेपर्यंत.

स्पेशालिस्ट बुनमी. इन्फन्ट्री. वय तेवीस.