डाव्या पायाचं इलॅस्टिक

आजोबांनी शब्द दिला तो पोहण्याच्या तलावावर, चार लोकांत, आणि नेहमीप्रमाणे बायकोला न विचारता.

नातीच्या पोहण्याच्या वर्गाचा वर्षअखेरीचा कार्यक्रम होता. मुलींनी जलपऱ्या व्हायचं आणि प्रत्येकीनं आपापली शेपटी घरून आणायची, असं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. बाकीचे पालक कुठल्या दुकानात मिळते म्हणून विचारत होते, तेवढ्यात आजोबा उभे राहिले.

"आम्ही नाही विकत आणणार. हिनं वीस-बावीस वर्षं परदेशी जाणारे पोहण्याचे कॉस्च्युम शिवलेत. शेपटी म्हणजे हिच्या डाव्या हातचा मळ!"

आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी फक्त डाव्या पायाचं इलॅस्टिक लावायचे," ती म्हणाली.

"बघा," आजोबा लोकांकडे वळून म्हणाले, "इतकी साधी आहे. स्वतःचं कौतुक म्हणून करायची नाही."

लोक कौतुकानं हसले. हे असंच चालत आलं होतं. पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा आजोबा तिच्या कॉस्च्युमची टिमकी वाजवायचे, ती खरं काय ते सांगायची आणि तिचं खरं विनय म्हणून खपून जायचं. माणसाला खोटं बोलल्यावर कोणी पकडलं तर लाज वाटते. खरं बोलूनही कोणी पकडत नाही, तेव्हा काय वाटावं याला तिच्याकडे शब्द नव्हता. नुसता राग होता.

कारखान्यात मशिनी एका रांगेत होत्या. एक बाई खांदे जोडायची, एक बाजू जोडायची, एक उजव्या पायाचं इलॅस्टिक लावायची आणि ही डाव्या. कपडा हिच्या पुढ्यात यायचा तो अर्धवट आणि पुढे जायचा तोही अर्धवटच. कापड कापायचे ते वेगळ्या दालनात, तिथं हिला मज्जाव. एकदा ती पुरा झालेला कपडा बघायला म्हणून रांगेच्या टोकाशी गेली, तर सुपरवायझर म्हणाला, "तुझं काम डावा पाय. डोकं घरी ठेवून येत जा." संध्याकाळी दारावर झडती व्हायची, कारण बायका चोऱ्या करतात असं मालकाचं ठाम मत. मग एके दिवशी त्याच दाराला कुलूप लागलं. बाहेर एवढ्या बायका उभ्या, प्रत्येकीला कपड्याचा एकेक तुकडा येणारा. सगळ्यांनी मिळून एक कॉस्च्युम शिवला असता, पण कापायला कोणी नव्हतं.

त्यानंतर घरी एक जुनं मशीन आलं. त्यावर तिनं उशांचे अभ्रे शिवले, पडद्यांच्या कडा दुमडल्या. अंगात घालायचा अख्खा कपडा कधी शिवला नाही. आजोबा त्याच अभ्र्यांवर डोकं टेकून झोपायचे आणि सकाळी उठून पुन्हा तिचे कॉस्च्युम सांगायचे.

सुनेनं कापड आणलं. निळं-हिरवं, चमचमत्या खवल्यांचं, उभंआडवं कसंही ताणलं तरी ताणणारं. "आई, दुकानात एवढंच शिल्लक होतं हं," ती म्हणाली. म्हणजे बिघडलं तर संपलं. आणि बिघडलं तर सगळ्या मुली पाण्यात शेपट्या हलवणार आणि आपली पोर काठावर टॉवेल गुंडाळून बसणार, हे आजीला सुनेनं सांगायची गरज नव्हती.

तिनं फरशीवर वर्तमानपत्रं चिकटवून त्यावर नातीला पालथं झोपवलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. पोर गुदगुल्या होऊन वळवळत होती, त्यामुळे एका मांडीला बाक आला तो तिनं अंदाजानं सरळ केला. खाली पंखासारखं फाकलेलं टोक काढलं, पण ते मध्ये उघडं ठेवलं. पाण्यात घाबरली तर मुलीला पाय झटकन बाहेर काढता आले पाहिजेत. कात्री लावताना तिचा जीव टांगणीला लागला होता. तरी कापणं निभावलं.

घोडं अडलं ते शिवणीत. मशिनीला गोल टोकाची सुई लावली, झिगझॅग टाका लावला, एक बाजू शिवून काढली आणि बघते तर शिवण भिजून वाळलेल्या कागदासारखी नुसती लाटालाटांची. तिनं टाके उसवले. पुन्हा शिवली. पुन्हा लाटा. आणखी एकदा उसवली तेव्हा खवल्यांमध्ये सुईची बारीक भोकं दिसायला लागली.

सून दारात येऊन उभी राहिली. "आई, राहू द्या ना. आपण तयार आणू. मी बाबांना सांगते काहीतरी."

"तयार कशाला?" आजोबा आतल्या खोलीतून ओरडले. "तिचा हात बसलाय त्यात!"

"हात बसलाय म्हणूनच वाट लागली आहे!" आजी किंचाळली.

तेच खरं होतं. इलॅस्टिक लावायचं तर ते ताणून लावावं लागतं. पुढून उजवा हात धरणार, मागून डावा हात ओढणार, आणि पाय पॅडलवर दाबलेला. हे कापड मात्र अजिबात ओढायचं नव्हतं. त्याला आपल्या चालीनं सुईखालून जाऊ द्यायचं होतं. तिला ते कळत होतं. डाव्या हाताला कळत नव्हतं. मशीन सुरू झालं की तो आपला मागे जायचा आणि ओढायचा. कारखाना बंद पडला, सुपरवायझर कुठे गेला देव जाणे, पण त्याचं काम हा हात अजून इमानेइतबारे करत होता. आजीला रडू आलं ते दुःखानं नाही, संतापानं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती आता तिच्याच नातीच्या आड येत होती.

"आजी, तू मागून ओढतेस," नात म्हणाली. ती केव्हाची स्टुलावर बसून बघत होती.

"मी नाही ओढत. हात ओढतो."

नातीनं यावर विचार केला. "वर्गात मी चुळबुळ केली की बाई म्हणतात, हातावर बस."

आजीनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग डावा हात मांडीखाली घातला आणि त्यावर सगळा भार टाकून बसली.

एका हातानं शिवणं म्हणजे छळ होता. दोन बोटं शिवायचं, थांबायचं, कापड सारखं करायचं, पुन्हा दोन बोटं. खालचा हात मुंग्या येऊन बधिर झाला. तरी मध्येच तो सुटायला बघायचा, आणि आजी दात-ओठ खाऊन त्याला सांगायची, "बस मेल्या, गप्प बस." नात हसून लोटपोट झाली. पण शिवण सरळ आली. दुसरीही आली. खालचं पंखाचं टोकही आलं. कमरेच्या इलॅस्टिकपाशी पोचली तेव्हा तिनं हात मोकळा केला, आणि ते एका दमात असं सुरेख लागलं की तिला त्याचाही राग आला.

कार्यक्रमाच्या दिवशी पोर पाण्यात उतरली. डाव्या शिवणीच्या कडेची भोकं उन्हात दिसत होती, ज्याला माहीत होतं त्याला. पोरीला त्याचं काही नव्हतं. तिनं बुडी मारली, शेपटी पाण्याबाहेर आपटली आणि काठावरच्या सगळ्या मंडळींना भिजवलं.

"आमच्या हिनं शिवली," आजोबा रुमालानं चष्मा पुसत शेजारच्या गृहस्थांना म्हणाले. "वीस-बावीस वर्षं परदेशी जाणारे कॉस्च्युम..."

"खोटं आहे," आजी म्हणाली. पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. "वीस-बावीस वर्षं मी डाव्या पायाचं इलॅस्टिक लावलं. दुसरं काही करू दिलं नाही मला. शिवलेला कपडा असा हा पहिला."

"अहो, ती तशीच आहे, साधी..."

"मी साधी नाही! मला राग आलाय! आणि तुम्ही हसू नका," हे त्या गृहस्थांना, जे खरंच हसायच्या बेतात होते.

आजोबांनी चष्मा चढवून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. थट्टा नाही, कौतुक नाही, माणूस खरोखर दुखावला होता.

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

क्षणभर आजीला वाटलं, यांना चष्म्यासकट पाण्यात ढकलावं. तिनं मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि त्यांचा रुमाल त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सांगते," ती म्हणाली. "आता उठायचं नाही आणि मध्ये बोलायचं नाही."

आणि तिनं कारखान्यातल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.