ग्लिसरीनची धुरी

उंदराच्या पाठीवरून हात फिरवून त्याची प्रकृती, स्वभाव आणि आजोळ सांगणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आपल्या घरापासून दोन घरं सोडून राहतो. गोंदिया आपल्यातच होतं आणि जिल्हा दुप्पट मोठा होता, तेव्हाही तो एकच असता, याबद्दल मला शंका नाही. मुलांनो, तुम्ही इथे आजीकडे आलात तेव्हा फार लहान होतात. तुम्हाला ते आठवत असतील तर खिशामुळे आठवतील. बोलता बोलता त्यांच्या सदऱ्याचा वरचा खिसा हलू लागायचा, तुम्ही किंचाळायचात, आणि ते अगदी शांतपणे म्हणायचे, "भेऊ नका बापा, आयोडीन आहे."

तीस वर्षं ते इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी पांढरे उंदीर पाळणं आणि ठरल्या दिवशी त्यांना क्लोरोफॉर्म देणं हे त्यांचं काम. पुढे चिरफाडीची प्रॅक्टिकलं बंद झाली, पिंजऱ्यात उरलेल्या उंदरांची विल्हेवाट लावा असं सांगण्यात आलं, आणि यांनी ती अशी लावली की पिंजऱ्यासकट सगळे घरी आणले. मुलगा नोकरीसाठी गोंदियाला गेल्यामुळे एक खोली रिकामी होतीच. "तीस वर्षं म्याच क्लोरोफॉर्म देला, मॅडमबाई," ते मला म्हणाले, "आता चार दिवस जेवू घालतो." आपला हा सगळा धानाचा मुलूख. इथे नव्या तांदळाची पोती घरात आली की लोक आधी उंदरांच्या औषधाची पुडी आणतात. अशा गावात हा गृहस्थ रोज सकाळी पितळी तराजूत एकेक उंदीर ठेवून वजन करतो आणि पाच ग्रॅम कमी भरलं तर स्वतः नाश्ता करत नाही. उंदरांची नावं त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरून ठेवली होती. आयोडीन, पोटॅश, तुरटी. अमोनिया नावाचाही एक होता, त्याचं नाव तसं का ते खोलीत शिरताच कळायचं.

मॅडमबाई म्हणजे मी. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्यांच्या हिशेबी जगातल्या सगळ्या इंग्रजी मजकुराची मी जबाबदार अधिकारी आहे. तुरटीच्या एका वेतातली दोन पिल्लं वाकड्या मिशांची आणि मेंढीसारख्या कुरळ्या केसांची निघाली, तेव्हा ते घामाघूम होऊन आले. काही रोग आहे का, ते इंग्रजीत बघा म्हणाले. मी फोनवर शोधून वाचून दाखवलं: हा रोग नव्हे, हा केसांचा प्रकार, कुरळे असतात, मखमली असतात, रेशमासारखे चमकणारे असतात आणि अगदी टकलेही असतात. त्या दिवसापासून रोज दुपारी चारला माझ्या व्हरांड्यात वाचन सुरू झालं. कुरळ्याला विंचरायचं नाही, वाकड्या मिशांमुळे त्याला वाट नीट चाचपता येत नाही म्हणून पिंजऱ्यातल्या वस्तू हलवायच्या नाहीत, तणसाचा पेंढा टोचतो म्हणून मऊ धुतलेला कपडा अंथरायचा. मी एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची, आणि ते "हो जी" म्हणून घरी जाऊन तंतोतंत तसंच करायचे. तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीने माझं इतकं ऐकलं नाही. त्यांच्या बायकोची जुनी सुती लुगडी एकेक करून पिंजऱ्यात गेली. सुटा धागा पायात अडकून उंदराचं बोट जायला नको, म्हणून हे नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन प्रत्येक तुकड्याची कड दुमडून शिवायचे. ती माउली भिंतीशी बोलल्यासारखी म्हणायची, "सुनंच्या बाळंतपणात या मानसानं एक दुपटं नाई शिवलं. उंदरायले गोधड्या शिवून राहिला!"

मग ग्लिसरीन आली. कुरळ्याला कुरळी दाखवू नये, पिल्लं टकली होतात, हे पान माझं वाचून होण्याआधीच त्यांच्या पिंजऱ्यात ते होऊन गेलं होतं. त्या जोडीच्या वेतातल्या एका पिल्लाची लव गळू लागली, आधी खांद्यावरची, मग पाठीवरची, आणि महिन्याभरात ते पार उघडं पडलं. गुलाबी, सुरकुतलेलं, दिव्याच्या उजेडात कान पारदर्शक दिसणारं. मी प्रथम पाहिलं तेव्हा मला शहारा आला. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मात्र मला तुमची आई जन्मली तेव्हाची आठवली. ती अशीच होती, असं तिला सांगू नका. शेजाऱ्यांचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. "माझ्याच हातून झालं हे," ते पुन्हा पुन्हा म्हणत. त्यात थंडी आलेली. सकाळी वैनगंगेवर धुकं बसलं की पलीकडचं कारधा गाव दिसायचं नाही, आणि हे पहाटेपासून ग्लिसरीनला बनियनच्या आत छातीशी धरून अंगणात उन्हाची वाट पाहत उभे.

त्या दिवशी मी वाचलं की टकल्या उंदराला ऊब लागते, खाणं जास्त लागतं, कातडी कोरडी पडली तर तेलाचं बोट लावावं. तिथेच मी थांबायला हवं होतं. मी फोनवरून नजरही न उचलता पुढे सांगितलं, "तिळाचं तेल कोमट करून चोळा, आणि वर निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्या." ते "हो जी" म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी ग्लिसरीनच्या छातीत शीळ वाजू लागली. नाकाभोवती लाल डाग दिसला, तो रक्ताचा समजून ते अनवाणीच माझ्या दारात आले. आम्ही ऑटो केला आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो. समोर एक बैल, दोन म्हशी आणि मधे हे मफलरमध्ये काहीतरी धरून. तरुण डॉक्टरांनी मफलर उघडला आणि पुन्हा अर्धवट झाकला.

"काकाजी, माझ्याकडे लोक उंदीर मारायचं औषध विचारायला येतात," ते म्हणाले. "वाचवायला आलेले तुम्हीच पहिले. काय झालं?"

"दम लागून राहिला जी तिले. रगत येऊन राहिलं."

"हे रक्त नाही. आजारी उंदराच्या नाकातून असं लाल पाणी येतं. फुप्फुस नाजूक असतं यांचं. घरात धूर होतो का?"

"धूर नाई जी. धुरी देतो फक्त. दोन टाइम."

"धुरी! उंदराला? कोणी सांगितलं तुम्हाला?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती, अभिमान होता. "मॅडमबाईनं वाचून सांगितलं," ते म्हणाले. "इंग्रजीत लिवलं आहे."

डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडली, त्यात काही नसताना काहीतरी शोधलं आणि ती बंद केली. मुलांनो, खोटं बोलण्यासाठी तोंड उघडावंच लागतं असं नाही, हे मी तुम्हाला आजवर शिकवलेलं नाही.

डॉक्टरांनी थेंबाथेंबाने द्यायचं औषध दिलं. "तीन दिवस काढले तर वाचेल. निखारा लांबच ठेवा," म्हणाले. ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. औषधाच्या वेळा मी कागदावर आखून दिल्या आणि प्रत्येक वेळेला स्वतः तिथे हजर राहिले. ते ग्लिसरीनला तळहातावर घेऊन कानाशी धरायचे, श्वास ऐकायचे, मग माझ्या कानाशी धरायचे. "कमी वाटते का जी?" मला माझ्याच छातीतली धडधड ऐकू यायची. त्यांची बायको दुसऱ्या दिवशी आपणहून पेज घेऊन आली, बोटावर घेतली आणि त्या गुलाबी तोंडापुढे धरली. "खाय वं माय," ती म्हणाली. "तू गेली तं हा मानूस मले जगू नाई देनार." ग्लिसरीनने बोट चाटलं नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"धुरीचं इंग्रजीत नव्हतं," मी म्हणाले. "ते मी माझ्या मनचं घातलं. आणि दवाखान्यात गप्प बसले."

ते ग्लिसरीनच्या पाठीवर हलकेच बोट फिरवत राहिले. "मले मालूम होतं जी," ते म्हणाले. "इंग्रजायच्या घरी बाळंतशेपा कोठचा?"

"मग केलंत कशाला?"

"तुमच्या हातानं तीन लेकरं मोठी झाली न. त्या इंग्रजायले मी कुठं वळखतो?"

"आणि डॉक्टरले इंग्रजीत लिवलं आहे असं काहून सांगतलं?" त्यांची बायको म्हणाली.

"चारचौघात बाईमानसाले दोष द्याचा का मंग?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्लिसरीनने पेज खाल्ली, आधी थोडी, मग बोटाचा चावा घेऊन सगळी. ती त्यानंतर सव्वा वर्ष जगली. उंदराच्या मानाने ते पुष्कळ आयुष्य, पण असं त्यांच्यासमोर म्हणायची माझी हिंमत नाही. बोरीच्या झाडाखाली तिला पुरताना त्यांनी मला बोलावलं होतं.

तुमच्या जन्माच्या वेळी तुमच्या आईने तिकडून फोनवर सांगितलं होतं की इथे डॉक्टर तेल नको म्हणतात, धुरी तर मुळीच नको. बरोबरच होतं, धूर कुणाच्याच छातीला बरा नाही, हे मला आता एका उंदराने शिकवलं आहे. मी तेव्हा फोन ठेवला आणि आणून ठेवलेला बाळंतशेपा डब्यात भरून टाकला. त्यानंतर मला लेकराबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. हे शेजारी मात्र अजून रोज चारला येतात. त्यांच्याकडे आता दोनच उंदीर उरले आहेत, दोन्ही म्हातारे, मखमली केसांचे. मी पान वाचते, मराठीत सांगते, फोन बंद करून ठेवते. ते उठत नाहीत. खिशावर हात ठेवून म्हणतात, "इंग्रजायचं झालं जी. आता तुमचं सांगा."