विकत नाही म्हणून

खाडीच्या कागदावर शून्य मी लिहिलं. मला कोणी लिहायला लावलं नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते, ते दिवस. लालबागच्या चाळीत आमची एक खोली, आणि मी एका कचेरीत हंगामी कारकून. वरळी कोळीवाड्याजवळ खाडीत भराव घालायचं चाललं होतं. खाडी गेली तर कोणाचं किती नुकसान होईल, हे घरोघर विचारून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या चाळीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशीच्या दारातही मी कागद घेऊन बसलो.

"मावशी, ओहोटीला चिखलातून तिसऱ्यांच्या शिंपल्या काढता, त्यांचे किती येतात?"

"त्या इकतो कुठं रं? घरात लागतात. बाळंतिणीला रस्सा, माहेरी आलेल्या पोरीला डबा. पावसात होड्या बंद, तवा तेच खातो."

"मग पैशात सांगा."

"आधी तुज्या आयशीच्या हातच्या जेवणाचं पैशात सांग!"

शेजारणी हसल्या. मीही हसलो. रकाना होता विक्रीच्या उत्पन्नाचा. विक्री नाही, म्हणून शून्य. खाली शेऱ्याला जागा होती, पण भूक लागली होती. ती जागा कोरीच सोडली. त्या गल्लीतली बहुतेक घरं मी तशीच भरली.

पुढे साहेब म्हणाले, "त्या काठाला कोणाचंच नुकसान नाही. भराव तिथूनच सुरू."

"साहेब, पुन्हा विचारायला हवं."

"सही कोणाची आहे? चुकीचं लिहिलंत म्हणून वर कळवू?"

घरात आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर. मी गप्प बसलो. मोर्चात मुंबई आमची म्हणून ओरडताना माझाच आवाज मला नकोसा व्हायचा. सकाळी जिन्यावर मावशीची हाक आली की मी मोरीत शिरून उगाच तोंड धूत राहायचो. एका खोलीत दुसरीकडे जाणार कुठे?

बाहेर ती आईला विचारायची, "तुजा साहेब पोरगा दिसत नाय? आमच्या खाडीचं नीट लिवलं ना त्यानं?"

"लिहिलंय तर!" आई अभिमानानं म्हणायची.

भराव पडला. पावसाळा आला, होड्या बंद झाल्या. एका सकाळी ती सुके बोंबील घेऊन आली आणि आईला म्हणाली, "सून बाळंत झाली. तिला द्यायला तिसरी नाय गावली. तुज्या पोरानं एवढं लिवलं, तरी कोणी ऐकलं नाय बघ."

मी ओल्या तोंडानंच बाहेर आलो.

"मावशी, तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलंच नाही. तुमचं काहीच जात नाही, असं लिहिलं. नंतर कळलं, तरी नोकरीला घाबरून गप्प राहिलो आणि तुमच्यापासून लपलो. माझं चुकलं, मावशी. मला माफ करा."