टायटनवरचे गोल दगड

१४ जानेवारी २००५, शुक्रवार. त्या दिवशी रोस्विता ओलेनडॉर्फला एकाच वेळी दोन ठिकाणी असायचं होतं. गावातल्या गाण्याच्या मंडळाची हिवाळी केल-फेरी होती, म्हणजे पायी भटकून शेवटी केल नावाच्या पालेभाजीचं जेवण, आणि गेल्या वर्षी तिलाच केल-राणी निवडलेलं असल्यामुळे यंदा सगळा भार तिच्यावर होता. हातगाडी, गाडीतल्या बाटल्या, शेतांमधून चालायची वाट, आणि संध्याकाळी एल्केच्या खानावळीत तीस माणसांना केलची भाजी आणि सॉसेज. आणि नेमका त्याच दिवशी शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर तिचा कॅमेरा उतरणार होता.

‘माझा कॅमेरा’ असं ती फक्त घरात म्हणायची. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात एक संशोधन संस्था होती आणि रोस्विताने तिथे एकतीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काढली होती. पांढरा झगा, पांढरी टोपी, डोळे सूक्ष्मदर्शकाला लावलेले. गावातल्या निम्म्या लोकांना वाटायचं की ती तिथे बाटल्या धुते. प्रत्यक्षात त्या कॅमेऱ्याची उजेड टिपणारी नखाएवढी पट्टी तिनेच बसवली होती. केसाहून बारीक तारा जोडायला तिला आठ महिने लागले होते. सत्त्याण्णव साली कॅमेरा घेऊन यान गेलं, पुढे ती निवृत्त झाली, पण त्या तारा काही डोक्यातून गेल्या नाहीत. एक जरी निसटली असती तरी दुरुस्तीला तिथे कोण जाणार होतं?

सव्वाअकराला तिने बीटच्या शेताच्या बांधावर हातगाडी थांबवली आणि घड्याळ बघितलं.

“राणीसाहेब, गाडी का अडली?” मागून नवरा म्हणाला. हाइनर रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा. आता रूमे नदीवर गळ टाकून बसायचा. बायकोच्या कामाबद्दल त्याने आजवर फारसं विचारलं नव्हतं.

“टायटनच्या हवेत शिरला असेल तो कॅमेरा. म्हणजे शिरून तास झाला, इथे कळायची वेळ आत्ता आली.”

“तासाने? माझ्या भावाच्या पत्रांपेक्षा बरं आहे.”

लोक हसले, बाटल्या उघडल्या, गाडी पुढे निघाली. रोस्विता हसली खरी, पण बाटलीला तिने तोंड लावलं नाही. फोटो येणार होते ते संध्याकाळी, शनीभोवती फिरणाऱ्या मोठ्या यानामार्फत. तोवरचे नऊ तास तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक.

खानावळीत ताटं वाढली गेली. रोस्विताने दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घालायला विसरली. साडेआठच्या सुमाराला गल्ल्यावरचा बिनतारी फोन वाजला. एल्केने ओरडून सांगितलं, “रोस्वी, तुझ्या संस्थेतून.”

फोनवर डेटलेफ होता. त्याला तार जोडायला तिनेच शिकवलं होतं; आता तो तिथला इंजिनिअर होता.

“रोस्विताबाई, आले. फोटो आले. चालतोय तो, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालला. अर्धे वाटेत हरवलेत, पण जे आलेत ते... तुम्ही बघाच. एल्केच्या कॉम्प्युटरवर पाठवतो.”

बिलं करायचा तो कॉम्प्युटर स्वयंपाकघरामागच्या खोलीत होता. रोस्विता खुर्चीत बसली, फोन कानाला. मागे एल्के, हाइनर, आणि दारात जेवता जेवता उठून आलेलं अर्धं मंडळ. चित्र वरून खाली, एकेक ओळ करत उघडू लागलं. आधी नुसता राखाडी रंग. मग काळ्या रेषा, एकीतून दुसरी फुटलेली, सगळ्या मिळून खाली एका काळ्या पट्ट्याला भिडलेल्या.

“हा तर नकाशा आहे,” एल्के म्हणाली. “नद्यांचा.”

रोस्विता खुर्ची ओढून पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

दुसरं चित्र जमिनीवरून घेतलेलं होतं. सपाट मैदान, आणि त्यावर दगड.

“आता ऐका,” डेटलेफ म्हणाला. “उजवीकडे वर एक काळा ठिपका आहे. सगळ्या चित्रांत तिथेच. इथे दोघं भांडताहेत तो काय म्हणून.”

तिने नाक पडद्याला टेकवलं आणि मोठ्याने हसली. “अरे, तो आपल्या इथला धुळीचा कण, पट्टीवर बसलेला. पंच्याण्णवच्या चाचणीत सापडला होता. पुसायला गेले असते तर तारा तुटल्या असत्या. माझ्या वहीत आहे सगळं, कुठला ठिपका, कधीचा.”

“वही कुठे आहे?”

“तिसऱ्या कपाटात. कुणी टाकून दिली नसेल तर.”

“उद्या सकाळी येता का? आम्हाला कळेना टायटन कुठला आणि धूळ कुठली.”

“सातला येते.”

हाइनर एवढा वेळ चष्मा वर करून पडद्याकडे बघत होता. “रोस्वी, हे दगड गोल आहेत.”

“हो, दिसतायत तसे.”

“पाण्याने घासल्याशिवाय दगड असे होत नाहीत. रूमेच्या तळाशी बघ.”

“तिथे उणे एकशे ऐंशी आहे, हाइनर. पाणी दगडासारखं गोठलेलं आहे. वाहत असेल तर थंडीने द्रव झालेला वायू.”

“मग तो वायू. पण वाहतं काहीतरी, लिहून ठेव.” आणि त्याने स्टूल ओढून घेतलं. “आता सांग, तू यातलं नेमकं काय केलंस?”

तिने बिलाच्या कागदावर ती पट्टी आणि तारा काढून दाखवल्या. बाहेर मंडळाने राणीवाचूनच नवा केल-राजा निवडला, तेही दोघांना कळलं नाही.

शनिवारी सातला ती संस्थेच्या दारात होती. वही सापडली. तीन दिवस म्हणून गेलेली रोस्विता पाच आठवडे जात राहिली. एकेका चित्रावर बोट ठेवून ती सांगायची, हे आपलं, हे तिथलं. ‘तिथलं’ म्हणताना तिचा आवाज दर वेळी थोडा चढायचा. संध्याकाळी ती घरी आली की हाइनर मासे तळायचे सोडून आधी दारात यायचा.

“आज नवीन काय दिसलं?”

आणि ती कोट न काढताच सांगायला लागायची.