भावाच्या स्विचला कुलूप

कारखान्यात तिला सगळे फटकळ वहिनी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. हातात झाडू आणि जिभेवर धार, अशी बाई. मॅनेजरच्या बुटांपासून फोरमनच्या मिशांपर्यंत ती कुणालाही सोडायची नाही. पण तिचा खास राग होता सख्ख्या थोरल्या भावावर. तो तिथलाच वायरमन. तारेत वीज आहे का हे टेस्टर न लावता बोटाच्या पाठीने बघायचा आणि वर छाती फुगवून म्हणायचा, "वीज आपल्याला ओळखते!"

"हो ना, मावशीच लागते तुझी," बहीण म्हणायची. "एक दिवस कडकडून मिठी मारील, मग समजेल."

एकदा विजेजवळ काम करणाऱ्या सगळ्यांना सुरक्षेच्या वर्गाला बसवलं. वायरमन, रंगारी, झाडूवाल्या, कुणी सुटलं नाही. शिकवायला आलेले साहेब पडद्यावरचं वाचून दाखवत होते, तेही अडखळत. निम्मी मंडळी पेंगत होती. भाऊ मागच्या बाकावर जांभया देत होता. "काल जन्मलेलं पोरगं मला वीज शिकवणार!"

तिलाही ते साहेब दीडशहाणेच वाटले. पण त्यांचं एक बोलणं तिच्या डोक्यात घट्ट बसलं. स्विच बंद केला की काम करणाऱ्याने त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. बंद केलंय असा दुसऱ्याने शब्द दिला म्हणून वर चढायचं नाही.

ते डोक्यात बसलं, कारण तिचा नवरा त्याच कारखान्यात रंगारी होता आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला मोठ्या क्रेनजवळच्या तुळया रंगवायच्या होत्या. क्रेनला वीज देणाऱ्या तांब्याच्या उघड्या पट्ट्या तिथे हाताच्या अंतरावर. आजवर भाऊ खालून ओरडायचा, "बंद केलंय, चढा जावईबापू!" आणि हा भोळा सांब चढायचा.

"अगं, दादांच्या स्विचला मी कुलूप घालू?" नवरा कळवळला. "त्यांना काय वाटेल?"

"वाटू दे वाटायचं ते. मला विधवा व्हायचं नाही."

कुलूप लागलं आणि भाऊ संध्याकाळी तणतणत घरी आला. "जावयाने माझ्या स्विचला कुलूप घातलं! सगळे दात काढतायत. भावावर विश्वास नाही तुझा?"

"भावावर आहे. त्याच्या डोक्यावर नाही. आईचं औषध आणायला जातोस आणि सिगारेट घेऊन येतोस तू."

झालं! भावाने तिच्याशी अबोला धरला. मेहुण्याला येता-जाता 'कुलूपवाले' म्हणू लागला. नवरा बिचारा ओशाळून मान खाली घालायचा आणि हिचा तिळपापड व्हायचा.

मग एका दुपारी मालाचा ट्रक आला. क्रेन चालू करा म्हणून मॅनेजरने आरडाओरडा सुरू केला. भाऊ तावातावाने स्विचपाशी गेला, कुलपाला दोन हिसके दिले, शिवी हासडली आणि लोखंड कापायचा कटर घेऊन आला. ती तिथेच सांडलेलं तेल पुसत होती. कटर दिसताच फडकं टाकून आडवी उभी राहिली.

"सरक," तो म्हणाला. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते यासाठी. "तुझा नवरा कुलूप लटकवून जेवायला गेलाय. नळापाशी डबा पाहिला मी त्याचा."

"वर पाहिलंस?"

"डबा पाहिला म्हणतोय ना!"

"डब्याचा जीव जाणार आहे का, मेल्या?" ती कडाडली आणि मान वर करून तिने हाक मारली, "अहो!"

"काय गं?" जाड खांबामागून रंगाने माखलेला चेहरा डोकावला. आज तो लवकर जेवून पुन्हा वर चढला होता. वाकताना तोल जाऊ नये म्हणून त्याने तांब्याची उघडी पट्टी मुठीत घट्ट धरली होती.

भावाने ती मूठ पाहिली. कटर त्याच्या हातून निसटला आणि तो मटकन त्या तेलातच बसला.

"निघालं का कुलूप?" मागून मॅनेजर ओरडला.

"ट्रक थांबेल, साहेब," ती म्हणाली. "ट्रकला बायको नसते."

नवऱ्याला काहीच कळलं नव्हतं. तो पुन्हा ब्रश फिरवू लागला. खाली भाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देत होता. "मी तोडणार होतो गं. मी तोडणारच होतो."

त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलंही, पण तिने तो ठेवला नाही.

"रडू नकोस, दादा," ती म्हणाली. "रडलं की माणूस मोकळा होतो आणि उद्या विसरतो. तू नाही विसरायचं. ते खाली उतरले की तूच सांग त्यांना, आज काय करणार होतास ते."