शांत न होणारा गॅस

बायको गेली तेव्हा जो तो एकच शब्द घेऊन आला. शांत. करामा वस्तीतून आलेले आपले लोक, शेजारचे, सगळेच. वहिनी शांत झाल्या, आता तुम्हीही शांत व्हा. मी म्हटलं, ती शेवटपर्यंत माझ्याशी भांडत गेली, कसली शांत? त्यानंतर लोकांचं येणं थांबलं. बरंच झालं.

मुलगी इथंच आखातात, अल ऐन शहरातल्या युनिव्हर्सिटीत आहे. आकाशातलं काहीतरी शिकवते. ती रिकामी खोकी घेऊन आली. मनखूलचा हा फ्लॅट सोडायचा आणि मी तिच्याकडे राहायचं, हे तिनं परस्पर ठरवलेलं. मी एक खोकं लाथेनं दाराबाहेर सारलं.

"बाबा, किती धुमसाल? शांत व्हा ना."

"तुझ्या आकाशात होतात का सगळे शांत?" तोंडाला आलं ते मी बोललो.

"नाही होत. तोच माझा विषय आहे." ती खाली फरशीवर बसली. आपल्या आकाशगंगेसारख्या शेकडो दीर्घिकांचा घोळका असतो म्हणे, आणि त्यांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला गॅस.

"सिलिंडरचा?"

"नाही हो. हा गॅस उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे गार व्हायला हवा. पण मधोमध एक थोरली दीर्घिका असते, तिच्या पोटात कृष्णविवर. थोडा गॅस गार होऊन त्यात पडला की ते उसळतं. दोन्हीकडे झोत फेकतं, भलेमोठे फुगे फुगतात, गॅस पुन्हा तापतो. फुगे डोळ्यांना दिसत नाहीत, रेडिओच्या अँटेनाला कळतात. म्हणून तिला रेडिओ दीर्घिका म्हणायचं."

"म्हणजे कुणी जवळ गेलं की भडकते."

"हो. तुमच्यासारखी."

"आणि नाही भडकली तर?"

"गॅस गार होईल, त्यातून नवे तारे होतील. इतक्या तापलेल्या गॅसमधून तारे होत नाहीत, बाबा."

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी टोमणे कळतात. "मला नकोत तारे. तुझी आई या खोलीत गेली. मी इथंच तापत बसणार. चटका बसत असेल तर येऊ नकोस."

"ती माझीही आई होती." आवाज चढलेला, थेट बायकोचा. "युनिव्हर्सिटीत मला कुणी शांत हो म्हटलं की माझंही डोकं फिरतं."

"मग मला कशाला सांगतेस?"

 तिनं उठून घरमालकाला फोन लावला, फ्लॅट आम्ही सोडत नाही म्हणून हिंदीत सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."

"बघतो," मी म्हटलं.